झिजेची वीत

रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात
आप्पा दोर मांडून बसायचे,
मी शेजारी, सुटे पैसे मुठीत धरून.
कासरे, दावी, बेंदूर जवळ आला की मोरक्या.
गिऱ्हाईक वावानं लांबी मोजायचं,
आप्पा आधी टोक दाखवायचे.
"मधनं दोर कवा जात न्हाई. टोकापासनं इस्कटतोय."

घायपाताचा वाख, तीन पेड, मांडीवर पीळ,
आणि शेवटाला आल्यावर
तिन्ही पेड उलटे वळवून
दोराच्याच पोटात खोवायचे.
वर सुतळीचे सहा वेढे.
सहाच का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
मापाला मात्र एक वीत जादा.
"हिचं पैसं न्हाई घेत मी.
ही झिजायला ठेवल्याली."

आता मी विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर,
दिवा घालवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते.
निळी गुणसूत्रं, शेहेचाळीस.
प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना लाल ठिपके, जुळे,
बैलाच्या शिंगांना शेंब्या घालाव्यात तसे.

त्या ठिपक्यांत काय लिहिलंय ते मी पाठ म्हणू शकते:
टी टी ए जी जी जी
टी टी ए जी जी जी
टी टी ए जी जी जी
हजारदा, दोन हजारदा.
ना त्यात डोळ्यांचा रंग, ना रक्ताचा गट.
पेशी दुभागते तेव्हा नक्कल उतरवणारा हात
अगदी काठापर्यंत पोचत नाही,
दर वेळी थोडकं राहून जातं.
जातं ते हेच, बिनअर्थाचं.
वीत.

आणि टोक उघडं पडलं तर
पेशीत बोंब होते: तुटलं! तुटलं!
दुरुस्तीवाले धावतात, भली माणसं,
गावेल ते टोक गावेल त्याला जोडून टाकतात.
पुढच्या खेपेला एकच दोर, दोन बैल,
दोन दिशा.
म्हणून टोक उलटं वळून आपल्याच पोटात शिरतं
आणि सहा प्रथिनं त्यावर ठाण मांडतात.
सांगत राहतात:
हे तुटलेलं नाही, हा शेवट आहे.

मुजावर मॅडमनी फळ्यावर ती आकृती काढली
तेव्हा मी वहीत काहीच उतरवलं नाही.
"कळलं नाही का, वैजयंता?"
माझ्या तळव्यांना वाखाची खाज सुटली होती.

परवा जेवताना आप्पांना सांगितलं.
त्यांनी भाकरी मोडायची थांबवली.
"मग झिजल्यालं परत कोण वळत न्हाई?"
वळतो की. एक कारागीर आहे,
नमुना कमरेला बांधूनच हिंडतो.
बीजात राबतो, गर्भात राबतो,
नंतर बहुतेक ठिकाणी त्याला घरी बसवतात.
"का? चांगला गडी की."

का, ते त्या दिवशीच्या काचपट्टीवर होतं.
तिथं तो पुन्हा कामाला लागलेला,
टोकं झिजत नव्हती,
पेशी थांबायचं विसरल्या होत्या.
त्याला आमच्याकडं एक शब्द आहे, दोन अक्षरी,
दोरालाही तोच.
आई गेल्यापासून आप्पा तो उच्चारत नाहीत,
बाजारातसुद्धा 'बांध' म्हणतात.
मी म्हटलं,
"सगळीकडंच वळत बसला तर बरं नसतं."
ते बराच वेळ ताटाकडं बघत राहिले.
"व्हय," म्हणाले. "तसं आसंल."

बाजारात आता नायलॉन. टोकाला काडी लावली,
वितळलं, झालं.
आप्पांची बोटं सकाळी उघडायला वेळ घेतात.
तरी हात धुऊन आल्यावर
माझ्या ओळखपत्राची फीत त्यांनी ओढून घेतली,
तिचे धागे सुटलेले, मला दिसलेही नव्हते.
सुई मागितली नाही,
दोरा दातानं तोडला.
मी वेढे मोजले.
पाच.

"येवढ्याला पाच बास," ते म्हणाले,
आणि दिव्याखाली धरून
टोक दाखवलं.